तिसरी रेघ

पोलादपूरच्या बाजारात उभं राहून अश्वजितचं घर विचारलंत, तर लोक डोकं खाजवत बसतील. हवालदाराचं म्हणालात, तर चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकदम बोलायला लागतील. त्यातली निम्मी माहिती चुकीची असेल. कुणी म्हणेल तो काश्मिरात होता, कुणी म्हणेल आसामात, आणि एखादा तर त्याला परदेशातही पाठवून मोकळा होईल. तो होता राजस्थानात आणि नंतर सिक्कीमच्या बर्फात, आणि दोन्हीकडे त्यानं एकच काम केलं. दुर्बिणीच्या बंदुकीमागे पालथं पडून लांबवर बघत राहायचं. गोळी झाडायची वेळ क्वचितच आली. पण बघण्याचा पगार सरकार देतं, हे चंपाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

पलटणीच्या हिंदीत 'शिस्त' म्हणजे नेम धरणं. डोळा, दुर्बीण आणि निशाण एका रेषेत आणलं की शिस्त घेतली म्हणतात. पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा अश्वजितनं मोठ्या ऐटीत सांगितलं, "आये, माझी शिस्त सगळ्या कंपनीत एक नंबर हाय." चंपाबाई चुलीपुढून म्हणाली, "जेवल्यावर ताट उचलत नाय, नि कसली रं तुझी शिस्त?" हा किस्सा तिनं वाडीभर केला आणि पुढची वीस वर्षं पुरवून वापरला.

निवृत्त झाल्यावर त्यानं महाडला दोन खोल्या घेतल्या आणि औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर नोकरी धरली. बायको बालवाडीत शिकवते. चंपाबाईला त्यानं किती वेळा सांगितलं, ये म्हणून. ती यायची, दोन दिवस राहायची, तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला लागायची. "हितं काय करू? भिंती बघू?" वाडी पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला. तिथं तिचं कौलारू घर, परसात दोन फणस आणि शेजारी आवडी. आवडी कुणब्याची, चंपाबाई बौद्धवाडीतली, मध्ये एक दगडी गडगा. त्या गडग्यावर कोपरं टेकून दोघींनी जेवढं भांडण केलं आणि जेवढं कालवण एकमेकींना दिलं, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी उसळते, तेव्हा अश्वजित स्वयंसेवक म्हणून रांगा लावायचा. अशाच एका वर्षी डॉक्टर प्रियदर्शिनीनं त्याला हेरलं. ती गुरांची डॉक्टर. महाडातली काही मंडळी जमवून तिनं अडकलेली, जखमी जनावरं सोडवायचं काम सुरू केलं होतं. विहिरीत पडलेला रानगवा, डुकरांसाठी लावलेल्या फाशात सापडलेलं कोल्हं, असली कामं. तिला भुलीची बंदूक चालवणारा माणूस हवा होता. अश्वजितला तर फाटकावर बसून बसून हात शिवशिवत होतेच. वनखात्याच्या परवानगीनं, त्यांच्याच माणसांबरोबर ही मंडळी जायची. डॉक्टरनं औषध भरायचं, अश्वजितनं सुई मारायची.

आता इथं थोडं समजून घ्यावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भुलीच्या बंदुकीतून गोळी सुटत नाही, औषध भरलेली सुई सुटते. ती जड आणि संथ. पंचवीसेक पावलं जाईपर्यंत हातभर खाली येते. म्हणजे नेम हातभर वर धरायला हवा. किती वर, हे हवेत कसं कळणार? त्यासाठी दुर्बिणीच्या काचेवर नेम धरायच्या फुलीखाली आडव्या रेघा असतात. तिसरी रेघ जनावरावर ठेवली, की फुली आपोआप हातभर वर जाते आणि सुई बरोबर जागी पडते. पण ही दुर्बीण झूमची. कडी फिरवली की समोरचं चित्र लहानमोठं होतं, काचेवरच्या रेघा मात्र जिथल्या तिथं, तेवढ्याच राहतात. सहापटीवर जी तिसरी रेघ हातभर दाखवते, तीच दोनपटीवर तीन हात दाखवते. सगळ्या रेघा सहापटीच्या, म्हणून अश्वजितनं कडीवर सहाच्या आकड्यापाशी बायकोच्या नखपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

हे त्याला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असणं वेगळं आणि हाताला ठाऊक असणं वेगळं. पलटणीतल्या त्याच्या दुर्बिणीला झूमच नव्हतं. वाळवंटात चारपट, बर्फातही चारपट. तिथं रेघ म्हणजे रेघ, तिचा अर्थ कधी बदलत नसे. सगळी नोकरी हात हेच शिकला होता.

मे महिना सरत आला होता. चंपाबाई सकाळी माळ्यावर चढली होती, पावसाची बेगमी म्हणून सुकी लाकडं आणि शेणी रचायला. खाली आवडीचा कुत्रा केकाटत मागच्या दारानं आत शिरला आणि पुढच्या दारानं सुसाट बाहेर पडला. त्याच्या मागोमाग बिबट्या आत शिरला, तो बाहेर आलाच नाही. आवडी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं पिवळं अंग बघितलं, धावत जाऊन पुढच्या दाराची कडी घातली आणि पोरांना मागचं दार ओढून घ्यायला लावलं. शाबासकी घ्यायला ती वळली आणि घरातून हाक आली, "आवडे, अगो दार का लावलंस?"

आवडीनं दाराला तोंड लावून ओरडून सांगितलं, खाली बघ म्हणून.

चंपाबाईनं वरून खाली बघितलं, तेव्हा तिला कळलं. तिनं शिडी वर ओढून घेतली. एवढी अक्कल त्या वेळी सुचणं मोठंच म्हणायचं, पण बिबट्याला शिडी लागत नाही. तो तूर्त घाबरून चुलीजवळ दबून बसला होता, इतकंच.

अश्वजितला फोन गेला तेव्हा तो फाटकावर होता. डॉक्टरची गाडी त्याला उचलून निघाली. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आधीच पोचली होती, त्यांच्यात हर्षद नावाचा तरुण वनरक्षक होता. आणि माणसं! काय सांगावं या माणसांना. पोलादपूरपासून मोटारसायकली येऊन लागल्या होत्या. गडग्यावर माणसं, फणसावर माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. हर्षदनं मागचं दार दोरी बांधून लांबून उघडून पाहिलं, की जनावर आपल्या पायानं जाईल. बिबट्या दारापर्यंत आलाही. समोर एवढा गलका ऐकला, फिरला आणि परत आत गेला. त्याला रानाची वाट मोकळी हवी होती, आणि यांना त्याचा व्हिडिओ हवा होता. दार पुन्हा ओढून घ्यावं लागलं.

जवळ जाऊन खिडकीतून सुई मारावी म्हणून अश्वजित भिंतीकडेनं सरकत गेला. गजांपाशी त्याची सावली पडली मात्र, आत धाडकन आवाज झाला. बिबट्यानं उडी घेतली होती आणि तो भाताच्या कणगीवर जाऊन बसला होता. कणगीच्या वरच माळा. तिथून चंपाबाईपर्यंत अर्धी उडी.

"अश्वा, तू आलास काय रं?" वरून आवाज आला.

"आलो, आये. हलू नको. बोलू पण नको."

"बोलत नाय. पण ह्यो माझ्याकडंच बघतोय."

डॉक्टरनं त्याला मागं ओढलं. तिचा चेहरा उतरला होता. "अश्वजितदादा, दुसऱ्या कुणाला बोलावूया का? तुमची आई आहे आत. हात थरथरला तर?"

"दुसरा कोण हाय? पुण्याहून येईस्तोवर तो थांबणार हाय काय?"

डॉक्टरनं सुई भरायला घेतली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. रुग्णवाहिका तिनं आधीच बोलावून ठेवली होती.

आवडीच्या पडवीतून समोरची खिडकी नीट दिसत होती. अंतर पंचवीसेक पावलं. अश्वजितनं भाताच्या पोत्यावर बंदूक टेकवली, पालथा पडला आणि डोळा लावला. झूम सहावर. खिडकीचे गज सरले आणि सगळी काच बिबट्याच्या खांद्यानं भरून गेली. पिवळं कातडं, काळे ठिपके, श्वासानं हलणारी बरगडी. याहून चांगलं निशाण मिळत नाही. तिसरी रेघ खांद्यावर ठेवायची आणि बोट ओढायचं.

पण काचेत आई नव्हती.

वर आहे, हातभर नाहीतर दोन हात वर, हे तो जाणून होता. दिसत मात्र नव्हती. ती काय करतेय? पाय खाली सोडलाय का? बिबट्याचे कान मागं गेले, त्यानं मान वर उचलली. अश्वजितचा डावा हात आपोआप कडीवर गेला. कडी फिरली. चित्र लहान झालं, मागं सरकलं आणि माळ्याची कड काचेत आली. आईचं हिरवं लुगडं दिसलं, लाकडांच्या भाऱ्यामागं अंग चोरून बसलेली ती दिसली, आणि त्याला रडूच आलं. आई आणि बिबट्या दोघं एका काचेत मावली होती. आता काही झालं तर त्याला दिसणार होतं.

त्यानं श्वास सोडला. तिसरी रेघ बिबट्याच्या खांद्यावर ठेवली. शिस्त अगदी दुरुस्त होती, पलटणीतल्या उस्तादानं पाठ थोपटली असती. बोट ओढलं.

फट् असा आवाज झाला आणि त्याच क्षणी माळ्यावरून चंपाबाई ओरडली, "आय गो! मला काय चावलं!"

सुईचं लाल शेपूट तिच्या मांडीत दिसत होतं.

अश्वजितनं मान खाली घातली. कडीवर बघितलं. कडी दोनवर होती. लाल ठिपका पार बाजूला राहिला होता.

"दादा, काय झालं?" डॉक्टरनं विचारलं, आणि तिचीही नजर कडीवर गेली. तिनं घड्याळात बघितलं. चाळीस किलोच्या म्हातारीच्या अंगात अख्ख्या बिबट्याला निजवणारं औषध गेलं होतं. सुई लागते त्याच क्षणी ते आत जातं, उपटून उपयोग नसतो.

"किती वेळ हाय?" अश्वजितनं विचारलं.

"थोडा. आधी गुंगी येईल, मग अंग सैल पडेल. दादा, त्या सैल पडल्या तर..."

सैल पडली तर माळ्याच्या कडेवरून खाली, कणगीवर. म्हणजे आता त्या जनावराला आईच्या आधी झोपवायचं होतं, आणि सुई त्याच्या अंगात अजून गेलीच नव्हती.

आवडी हे सगळं ऐकत उभी होती. तिला औषधातलं काही कळत नव्हतं, पण शेजारीण झोपली तर पडेल एवढं कळलं. ती गडग्यावर चढली आणि गळा फाडून ओरडली, "चंपे! लुगड्याचा पदर सोड नि वाशाला बांध!"

"का गो?" आवाज जड यायला लागला होता.

"सांगते म्हणून बांध! तुझा पदर, तुझाच वासा, माझ्या बापाचं काय जातंय?"

"बांधते... ओरडतेस कशाला, भवाने."

"तूच भवानी! माझी भात मोजायची पायली घेऊन गेलीस ती अजून दिली नायस! बोल, कुठं ठेवलीस? झोपू नको, आधी बोल!"

"परत... दिली... होती."

"खोटं! खोटं बोलतेस!"

फणसावरच्या माणसांचे मोबाइल प्रथमच खाली आले. सगळ्या वाडीत फक्त आवडीच्या शिव्या आणि मधूनमधून चंपाबाईचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

डॉक्टरनं दुसरी सुई भरून दिली. अश्वजितचे हात कापत नव्हते, आणि त्याला त्याचीच घृणा वाटली. त्यानं कडी उलटी फिरवली. चित्र मोठं होत गेलं. माळ्याची कड वर सरकली, हिरवं लुगडं वर सरकलं, त्याचं टोक तेवढं क्षणभर काचेच्या कडेला राहिलं आणि तेही गेलं. ठिपका सहावर आला. आता काचेत फक्त पिवळा खांदा. आई त्याला दिसणार नव्हती, आणि तिला वाचवायचं तर ती न दिसताच नेम धरायचा होता. हेच त्याला पहिल्यांदा जमलं नव्हतं.

"चंपे, बोल की गो!" आवडी ओरडली. या वेळी उत्तर आलं नाही.

त्यानं तिसरी रेघ ठेवली. बोट ओढलं. सुई खांद्यात रुतली, बिबट्या गुरगुरला, कणगीवरून खाली उडी घेऊन भिंतीवर आदळला आणि गोल गोल फिरायला लागला. अश्वजित तोवर उठून दाराशी पोचला होता.

"अजून नाही!" डॉक्टर मागून ओरडली. "त्याला पूर्ण झोपू द्या!"

खिडकीतून दिसत होतं. चंपाबाई माळ्यावरून अर्धी खाली लोंबत होती. पदराची गाठ तिला धरून होती, पण जुनं सुती लुगडं, किती ताण सोसणार? कापड उसवल्याचा बारीक आवाज त्याला ऐकू आला, किंवा ऐकू आल्यासारखा वाटला. त्यानं दाराची कडी काढली.

बिबट्या मागच्या पायांवर बसला होता. त्यानं मान उचलून अश्वजितकडे बघितलं. जबडा उघडला, पण आवाज निघाला नाही. मान हळूहळू खाली गेली. अश्वजित त्याच्या शेपटीवरून ओलांडून गेला, कणगीवर चढला आणि त्यानं आईला कवेत घेतलं. गाठ इतकी पक्की होती, की हर्षदला कोयता आणून पदर कापावा लागला. मरणाच्या गुंगीतही चंपाबाईनं गाठ कच्ची मारली नव्हती.

रुग्णवाहिका हायवेला लागली. डॉक्टर शेजारी बसून श्वास मोजत होती, फोनवर महाडच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना औषधांची नावं सांगत होती. माणसासाठी या औषधावर उतारा तिच्याकडे नव्हता. अश्वजितनं आईचा हात धरला होता. तळव्यावर शेणीचा वास होता.

मध्येच तिनं डोळे अर्धवट उघडले. ओठ हलले. "पाणी," ती म्हणाली.

त्यानं बाटली उचलली. डॉक्टरनं त्याचा हात धरला. "नका, दादा. गुंगीत गिळता येत नाही, पाणी छातीत जाईल. एक थेंबसुद्धा नका."

"आये, थोडं थांब. आता पोचतो."

"पाणी दे ना रं, अश्वा."

"देतो. उठलीस की देतो."

सकाळपासून ती माळ्यावर होती. उन्हानं कौलं तापलेली, आणि खाली जनावर. तेव्हापासून तिला कुणी पाण्याचा घोट दिला नव्हता, आणि आता तो देऊ शकत होता तर द्यायचा नव्हता. तिनं आणखी एकदा ओठ हलवले. मग हलवले नाहीत. विसावा घ्यावा तसा तिचा श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि गाडी महाडात शिरेपर्यंत असा दोनदा थांबला. दवाखान्यातल्या लोकांनी करायचं ते सगळं केलं. नळ्या घातल्या, छाती दाबली, धावपळ केली. दुपार कलली तेव्हा मोठे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी अश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला.

पोलिसांचा माणूस आला होता. त्यानं सांभाळून विचारलं, "बंदुकीत काही बिघाड होता का?"

"नाय," अश्वजित म्हणाला. "बंदूक चांगली हाय. मी झूम कमी केला. आय दिसावी म्हणून."

पोलिसाला ते कळलं नाही. त्यानं डॉक्टर प्रियदर्शिनीकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

अश्वजित आत गेला. आईच्या तोंडातली नळी काढली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते, त्यांवर भेगा होत्या. तो तिच्याजवळ उभा राहिला आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हर्षद होता. आनंदानं त्याचा आवाज फाटत होता. इकडची खबर त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

"दादा, उठला! चांगला चार पायांवर उभा हाय पिंजऱ्यात! रात्री रानात सोडा म्हणाले साहेब. दादा, ऐकताय ना? जीभ बाहेर काढतोय सारखा, पिंजऱ्याचे गज चाटतोय. पाण्याचं भांडं आत सरकवू का?"

अश्वजितनं विचारलं, "पुरता उठलाय ना?"

"पुरता, दादा. डरकाळी पण फोडली."

"मग दे," अश्वजित म्हणाला. "पोटभर पिऊ दे त्याला. हात आखडू नको."